मातृभाषेचा रकाना



आज जरा लांबण लागणार आहे, तेव्हा चहा घेऊनच बसा. वडोदऱ्याच्या आठवणी म्हटलं की सुरसागर, मांडवी, दांडिया बाजारातले वाडे, गणपती हेच आठवतं. ते मीही लिहीन कधीतरी. आज मात्र एका फॉर्मबद्दल लिहायचं आहे. फॉर्म अमेरिकेतला आहे, पण त्यातला एक रकाना आपल्या सगळ्यांच्या घरातला आहे.

२०१८ चा फेब्रुवारी. आम्ही दोघं न्यू जर्सीत चिरंजीवांकडे सहा महिन्यांसाठी गेलो होतो. नातू पाच वर्षांचा होत आला होता, सप्टेंबरात त्याला किंडरगार्टनमध्ये घालायचं होतं. रात्रीची जेवणं झाली, टेबल पुसलं आणि सूनबाई शाळेचे कागद घेऊन बसली. लसीकरणाचा दाखला, पत्त्याचा पुरावा, आणि एक पान घरच्या भाषेचं. मूल सगळ्यात आधी कोणती भाषा बोलायला शिकलं? घरात जास्त करून कोणती भाषा बोलता? एवढेच प्रश्न.

सूनबाई पेन हातात धरून थांबली. "बाबा, मी सगळीकडे इंग्लिशच लिहिते," म्हणाली. "इथे ओळखीतले बरेच जण तेच करतात."

नातू तेव्हा पलीकडे आजीकडून चिऊ-काऊची गोष्ट ऐकत होता आणि "मग कावळ्याचं घर कुठे गेलं?" असं स्वच्छ मराठीत विचारत होता.

मी म्हटलं, "अगं, हे खोटं नाही का होणार?"

"खोटं नाही बाबा, सोय म्हणा. ताईच्या वेळी काय झालं ते तुम्हाला माहीत आहे ना?"

माहीत होतं. २०१२ मध्ये ही मंडळी तिकडे गेली तेव्हा नात सात वर्षांची होती. इथे वडोदऱ्यात इंग्रजी माध्यमाच्या शाळेत दुसरीत होती, स्पेलिंगमध्ये पैकीच्या पैकी. फॉर्मवर घरची भाषा मराठी लिहिली म्हणून शाळेने तिची इंग्रजीची चाचणी घेतली. शब्द वाचता आले, पण चित्र बघून गोष्ट सांग म्हटल्यावर पोर गप्प. निकाल आला की हिला ईएसएलच्या, म्हणजे परभाषिक मुलांच्या इंग्रजीच्या, तासाला बसावं लागेल. रोज ठरलेल्या वेळी एक बाई वर्गाच्या दाराशी यायच्या, चार-पाच मुलांना घेऊन जायच्या. सूनबाईला ते फार लागलं. एवढी फी भरून इंग्रजी माध्यमात घातलं आणि इथे येऊन पोरगी 'इंग्रजी न येणारी' ठरली! तिने त्या दिवशी फोनवर सासूबाईंजवळ रडून घेतलं होतं.

तेव्हा यावेळी तिचं म्हणणं चुकीचं होतं असं मला सरळ म्हणता येईना. "आज राहू दे, उद्या भर," एवढंच बोललो.

मी बँकेत अडतीस वर्षं काढली. कुठलीही योजना कानावर आली की मनात तीनच प्रश्न येतात. पैसा कुणाचा, अटी काय, आणि हिशेब कोण मागणार? ती दाराशी येणारी बाई, तिचा पगार कोण देतं? दुसऱ्या दिवसापासून गावच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसायला लागलो. पुढची माहिती तिथे आणि नंतर इथे वाचून जमवलेली आहे.

परक्या भाषेच्या मुलांचं काय करायचं हा प्रश्न अमेरिकेला नवा नाही. एकोणिसाव्या शतकात तिथे जर्मन लोक मोठ्या संख्येने आले, आणि ओहायोसारख्या राज्यात सरकारी शाळांतूनही जर्मन चालत होती. पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणजे शत्रूची भाषा झाली. १९१९ मध्ये नेब्रास्का राज्याने कायदाच केला की आठवी पास होईपर्यंत मुलांना परकी भाषा शिकवायची नाही. रॉबर्ट मेयर नावाच्या शिक्षकाला दहा वर्षांच्या मुलाला जर्मन वाचायला शिकवलं म्हणून २५ डॉलर दंड झाला. १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायदा रद्द केला. पण वारं बदललं ते बदललंच. पुढची चाळीसेक वर्षं धोरण एकच होतं, पाण्यात ढकला, पोहला तर पोहला. टेक्सासमध्ये शाळेत स्पॅनिश बोललं म्हणून मुलांना शिक्षा होत असे.

त्याच टेक्सासात, कोटुला नावाच्या लहानशा गावी, १९२८ मध्ये वीस वर्षांचा एक कॉलेजचा विद्यार्थी शिक्षण मध्येच थांबवून मास्तर म्हणून आला. शाळा मेक्सिकन मजुरांच्या मुलांची. मुलं उपाशीपोटी यायची. मास्तरांचा आग्रह असा की इंग्रजीच बोलायचं. हे मास्तर म्हणजे लिंडन जॉन्सन, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. १९६५ च्या एप्रिलमध्ये त्यांनी शाळांना केंद्राचा पैसा देणारा मोठा कायदा केला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये देशवार कोटा काढून टाकणाऱ्या स्थलांतर कायद्यावर सही केली. आपले डॉक्टर, इंजिनियर आणि मागून मोटेलवाले पटेल तिकडे जाऊ शकले ते त्या दुसऱ्या कायद्यामुळे. म्हणजे आपल्या मुलांना आत घेणारा कायदा आणि त्या मुलांच्या मुलांना शिकवायला पैसा देणारा कायदा एकाच माणसाच्या सहीचे, एकाच सालचे. मला याची खरंच गंमत वाटली.

परभाषिक मुलांसाठी स्वतंत्र पैसा मात्र त्यानंतर आला. टेक्सासचेच सिनेटर राल्फ यारबरो यांनी १९६७ मध्ये विधेयक आणलं. आधी फक्त स्पॅनिश मुलांसाठी होतं, मग सगळ्याच भाषांसाठी झालं. २ जानेवारी १९६८ ला जॉन्सन यांनी सही केली. हा द्विभाषिक शिक्षणाचा कायदा.

आता बँकवाल्यांनी इकडे लक्ष द्या. आपल्याकडे कर्जमंजुरी वेगळी आणि प्रत्यक्ष वाटप वेगळं. कितीतरी ग्राहक मंजुरीचं पत्र घेऊन पेढे वाटायचे आणि मग सहा महिने खेटे घालायचे. तिथेही तसंच झालं. कायद्यात पहिल्या वर्षासाठी दीड कोटी डॉलरपर्यंत मंजुरी होती, प्रत्यक्ष तरतूद शून्य. दुसऱ्या वर्षी मंजुरी तीन कोटींची, हातात आले ७५ लाख. अख्ख्या देशासाठी! त्यातून ७६ प्रकल्प चालू झाले. आणि पैसा अर्ज करून मिळवायचा. ज्या शाळामंडळाकडे अर्ज लिहिणारा हुशार माणूस, त्यालाच पैसा. हेही आपण पाहिलेलं आहे.

खरा बदल झाला तो कोर्टातून. सॅन फ्रान्सिस्कोतल्या शाळांत चिनी घरांतली २,८५६ मुलं अशी होती की त्यांना इंग्रजी येत नव्हतं. हजारेक मुलांना काही ना काही जादा शिकवणी मिळत होती, बाकीच्या अठराशेंना काहीच नाही. वर्गात बसायचं, फळ्याकडे बघायचं, घरी जायचं. १९७० मध्ये किनी लाऊ या लहान मुलाच्या नावाने दावा दाखल झाला. खालच्या कोर्टांनी सांगितलं की शाळा सगळ्यांना सारखंच देते आहे, मग भेदभाव कुठे? जानेवारी १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने ते उलटवलं. निकालाचा आशय असा की जी भाषा मुलाला कळतच नाही त्या भाषेतलं पुस्तक, बाक आणि मास्तर सारखे दिले म्हणून समान वागणूक होत नाही.

मला जास्त आवडला तो निकालाचा आधार. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात अट होती की केंद्राचा पैसा घेणाऱ्या संस्थेने वंश वा मूळ देश बघून भेदभाव करायचा नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळामंडळाने तो पैसा घेताना अट मान्य केली होती. मग पाळा! कर्जाच्या कागदावर सही केल्यावर अटींवर हुज्जत घालणारे ग्राहक मी खूप पाहिलेत. त्यांना आम्ही हेच सांगायचो.

पुढे १९८१ मध्ये टेक्सासच्याच एका खटल्यात अपील कोर्टाने तीन कसोट्या लावल्या. शिकवण्याची पद्धत जाणकारांना पटणारी आहे का? ती चालवायला पुरेशी माणसं आणि साधनं दिलीत का? आणि काही वर्षांनी फळ दिसलं का, नसेल तर बदल केला का? कर्जाचा प्रस्ताव तपासताना आम्ही दुसरं काय बघायचो? त्याच्या पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मुलाकडे राहण्याचे कागद नाहीत म्हणून त्याला शाळेतून वगळता येणार नाही. तो निकाल पाच विरुद्ध चार असा, एका मताने.

कायदा झाला म्हणजे पैसा पुरला असं समजू नका. ॲरिझोना राज्य एके काळी अशा प्रत्येक मुलामागे जादा १५० डॉलर धरत होतं. १९९२ मध्ये नोगालेस या सरहद्दीवरच्या गावातल्या पालकांनी दावा केला. २००० मध्ये कोर्ट म्हणालं की या आकड्याचा खऱ्या खर्चाशी संबंध नाही. आकडा मनाचा! राज्याला रोजचा दंडही बसला, तो दोन कोटी डॉलरच्या वर गेला. पण २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने, पुन्हा पाच विरुद्ध चार, राज्याच्या बाजूने कल दिला आणि प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवलं. ज्या मुलांसाठी दावा लावला ती तोवर मोठी होऊन कामाला लागली असणार.

आणि वाद फक्त पैशाचा नव्हता. मुलाला आधी त्याच्या भाषेत शिकवून हळूहळू इंग्रजीवर आणायचं, की पहिल्या दिवसापासून इंग्रजीच? कॅलिफोर्नियाने १९९८ मध्ये मतदान घेऊन द्विभाषिक वर्ग जवळजवळ बंद केले, ६१ टक्के मतांनी. २०१६ मध्ये त्याच राज्याने पुन्हा मतदान घेऊन ते दार उघडलं, ७३ टक्क्यांनी. मधल्या काळात, २००२ मध्ये, केंद्राच्या कायद्याच्या नावातून 'द्विभाषिक' हा शब्दच गेला आणि भर इंग्रजी शिकवण्यावर आला. पण एक चांगलं झालं. अर्ज करून पैसा मिळवण्याऐवजी प्रत्येक राज्यातल्या अशा मुलांची संख्या मोजून पैसा वाटायची पद्धत आली. न्यू जर्सीचंही स्वतःचं सूत्र आहे. २००८ च्या कायद्याने अशा मुलामागे मूळ रकमेवर निम्मी जादा रक्कम धरली. शाळामंडळात एकाच भाषेची २० मुलं झाली तर द्विभाषिक वर्गाची जबाबदारीही येते.

म्हणजे सगळं येऊन थांबलं कशावर? मोजणीवर. आणि मोजणी सुरू कुठून होते? सूनबाईच्या हातातल्या त्या फॉर्मवरून.

हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आमचा वाडा आला. १९६१ ची जनगणना. मी दहा वर्षांचा. मोजणीवाले ओट्यावर कागद पसरून बसलेले, नाना समोर. गुजरात राज्य होऊन वर्षही पुरतं झालं नव्हतं. मातृभाषेचा प्रश्न आला तेव्हा मोजणीवाल्याबरोबर आलेले ओळखीचे गृहस्थ हसून म्हणाले, "गुजराती लखावी दो ने काका, शुं फरक पडे?" माणूस भला होता, दुष्टावा काही नव्हता. नाना म्हणाले, "मराठी लिहा." नंतर मी विचारलं, फरक काय पडतो? नाना कचेरीत कारकून होते. ते म्हणाले, "कागदावर नाही ते तिजोरीत नाही."

तेव्हा कळलं नाही. आता कळतं. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेही फुकट. ते राज्य गेलं, पण १९५६ मध्ये घटनेत ३५०-क हे कलम आलं. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं म्हणून राज्याने सोय करावी असं ते सांगतं. सोय कुणासाठी, किती जणांसाठी, हे मोजणीवरूनच ठरणार ना? मी सातवीपर्यंत मराठीत, पालिकेच्या शाळेत, फुकट शिकलो तो असा.

आणि आठवीत गेलो गुजराती माध्यमात. गल्लीतली गुजराती मला फर्डी येत होती. पतंगाच्या दिवसांत भांडायला, भाजीवालीशी घासाघीस करायला कधी अडलं नाही. पण वर्गात पुस्तक उघडलं आणि पाय सरकले. बेरजेचा सरवाळो झाला, वजाबाकीची बादबाकी झाली, हे ठीक. पण इतिहास, विज्ञान? बोट ठेवून वाचायचो तोवर वर्ग पुढच्या पानावर. त्यात त्या काळी इंग्रजीही आठवीपासूनच सुरू. एका शिक्षकांनी मला पहिल्या सहामाहीनंतर उभं करून सगळ्यांसमोर उत्तरपत्रिका वाचून दाखवली. मुलं हसली. मी घरी येऊन नानांना म्हटलं, मला शाळा नको.

वाचवलं ते दुसऱ्या एका सरांनी. गुजरातीच होते. शाळा सुटल्यावर तीन महिने मला बसवून घेतलं, रोज एक पान वाचायचं आणि त्यातलं आपल्या शब्दांत सांगायचं. एक पैसा घेतला नाही. त्यांच्या पगारात ते काम नव्हतं. मला ते सर भेटले म्हणून मी एस.एस.सी. झालो, सयाजीराव विद्यापीठात कॉमर्सला गेलो. तिथे सगळं इंग्रजीत, म्हणजे पुन्हा पाण्यात! पण एकदा हात मारायला शिकलो होतो. माझ्याबरोबर आमच्याच वाड्यातले दोघं गेले होते. डोक्याने माझ्यापेक्षा सरस. दोघंही पहिल्याच वर्षी गळाले. त्यातला एक पुढे आयुष्यभर पेढीवर नामं लिहीत होता आणि माझ्या बँकेत भरणा करायला यायचा. काउंटरच्या या बाजूला मी, त्या बाजूला तो. नजर द्यायला मलाच अवघड व्हायचं.

कॅनडातले जिम कमिन्स नावाचे अभ्यासक १९७९ पासून हेच सांगत आले आहेत. खेळायची, बोलायची भाषा मूल वर्ष-दोन वर्षांत उचलतं. पुस्तकातली, परीक्षेतली भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. बोलतो चांगलं म्हणून शिक्षक आणि आईबाप फसतात, आणि मूल मागे पडलं की त्याच्या बुद्धीला बोल लावतात. वाचनालयात बसून हे वाचताना मला ती उत्तरपत्रिका आठवली. पासष्टी उलटून गेल्यावर का होईना, मी मठ्ठ नव्हतो हे कळलं!

तर तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी सूनबाईला जवळ बसवलं. सगळा इतिहास सांगितला नाही, तिला कामं असतात. एवढंच सांगितलं: "फॉर्मवर मराठी लिहिलं म्हणजे लगेच त्या खोलीत पाठवत नाहीत. चाचणी घेतात. पास झाला तर प्रश्नच मिटला. आणि नापास झाला तरी तो तास नको म्हणायचा हक्क आईबापांना आहे. पण इंग्लिश लिहिलंस तर चाचणीच होणार नाही. मग त्याला खरंच मदत लागत असेल तर ते कुणाला कळणार?"

ती म्हणाली, "आणि ताईला जी लाज वाटली ती?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "ते तू आई म्हणून ठरव. मी फक्त माझं सांगितलं." आणि मग त्या सरांची गोष्ट सांगितली. चिरंजीवांनाही ती माहीत नव्हती. मी कधी बोललोच नव्हतो.

तिने शाळेत फोन करून दोन-चार गोष्टी विचारून घेतल्या आणि फॉर्मवर मराठी लिहिलं. नातवाची चाचणी झाली, त्याला तास लागला, आणि दोन वर्षांत त्यातून तो बाहेरही पडला. तोवर शाळेची पद्धत बदलली होती, बऱ्याचदा बाई वर्गातच येऊन शिकवायच्या, मुलाला उठून जावं लागत नसे. सगळं गोड झालं असं मात्र म्हणणार नाही. सूनबाई अजून म्हणते की ताईला दोन वर्षं ज्या तासाला बाहेर काढलं त्या वेळी वर्गात काय शिकवलं ते तिचं बुडलंच. खरं आहे. नात आता कॉलेजात आहे. तिला मी विचारलं तर म्हणाली, "आजोबा, त्या खोलीत जायला मला खूप लाज वाटायची. पण पहिलं पूर्ण पुस्तक मी त्याच खोलीत वाचलं." दोन्ही तिनेच सांगितलं. मी दोन्ही लिहून ठेवतो.

आता जमाखर्च मांडतो. अलीकडची केंद्राची तरतूद साधारण ८९ कोटी डॉलर आहे. अशी मुलं ५३ लाखांच्या आसपास. भागाकार करा. एका मुलामागे वर्षाला १६८ डॉलर. तिथे एका विद्यार्थ्यावर एकूण सरासरी खर्च पंधरा हजार डॉलरच्या वर होतो, म्हणजे केंद्राचा हा पैसा शंभरात एकाच्या आसपास. बाकी भार राज्य आणि गावचा घरपट्टी भरणारा उचलतो. रक्कम लहान वाटते, पण त्यातून जादा शिक्षक, शिक्षकांचं प्रशिक्षण, पालकांसाठी वर्ग असं चालतं. आणि पैशाबरोबर अट येते, ही मोठी गोष्ट. २०२५ च्या मार्चमध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने इंग्रजी अधिकृत भाषा झाली, आणि १ जुलैला जो पैसा राज्यांना मिळायचा तो इतर काही अनुदानांबरोबर रोखून धरला गेला. ओरड झाली, महिनाअखेर सोडला. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात तर सरकारने ही तरतूदच काढून टाकायचं सुचवलं. एकीकडे इंग्रजी सगळ्यांची भाषा म्हणायचं आणि दुसरीकडे ती शिकवायचा पैसा थांबवायचा, हा हिशेब मला तरी लागत नाही.

दुसऱ्या बाजूची मंडळी म्हणतात की आमच्या आजोबांना कुणी वेगळी बाई दिली नव्हती, तेही शिकले. मंडळी, हे वाक्य मीही बोललेलो आहे, माझ्या मुलाशी. पण मला सर मिळाले होते. आणि जे दोघं गळाले ते कुठे भाषण करायला येत नाहीत. एखाद्या सरांच्या चांगुलपणावर जे अवलंबून होतं ते सरकारने पगारी काम केलं, याला मी फुकटेपणा म्हणायला तयार नाही.

आता आपल्या घरचं. मराठी कुणी टिकवायची? त्याला अमेरिकेचं सरकार पैसा देणार नाही आणि द्यावा असं मी म्हणतही नाही. तिथले महाराष्ट्र मंडळवाले सुटीच्या दिवशी शाळा चालवतात, आया आणि बाबा फुकट शिकवतात. नातू जातो, कुरकुरत जातो, पण जातो.

मी मात्र काय केलं? १९८५ मध्ये चिरंजीव पहिलीत गेले तेव्हा मी शिकलो ती पालिकेची मराठी शाळा घरापासून पाच मिनिटांवर होती. मी त्यांना इंग्रजी माध्यमात घातलं. आठवीतली ती उत्तरपत्रिका डोक्यात होती, मुलावर तशी वेळ नको. माझ्यासारखाच विचार वाड्यातल्या सगळ्यांनी केला. पट घसरत गेला, पट नाही म्हणून शिक्षक नाहीत, शिक्षक नाहीत म्हणून पट नाही. शेवटी शाळा दुसऱ्या शाळेत विलीन झाली. निरोपाच्या कार्यक्रमाला आम्ही जुने विद्यार्थी गेलो, डोळे पुसले, हार घातले. तिथे कुणीच कुणाला विचारलं नाही की तुझा मुलगा कुठे शिकला. सरकारला दोष देणं सोपं होतं. कागदावर मुलंच नव्हती, तिजोरीतून काय निघणार?

मी चुकलो असं ठामपणे म्हणता येत नाही. चिरंजीवांचं भलं झालं. पण हिशेबाच्या दोन्ही बाजू लिहायची सवय आहे, म्हणून लिहिलं.

आता २०२७ ची जनगणना येते आहे. मोजणीवाले आपल्या दाराशीही येतील, वडोदऱ्यात, इंदूरला, ग्वाल्हेरला, हैदराबादेत, बेळगावात. आपली मुलं घरात अर्धं गुजराती, अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी बोलतात, मला माहीत आहे. मातृभाषेच्या रकान्याशी आलं की "काहीही लिहा हो, काय फरक पडतो" असं म्हणू नका. नानांनी सांगितलं तेच सांगतो. मराठी लिहा.

तुमच्याही घरी कुणी भाषा बदलून शिकलं असेल, कुणाला असे सर किंवा बाई भेटल्या असतील, तर जरूर लिहा. मी सगळं वाचतो, उत्तरं द्यायला जरा वेळ लागतो, टायपिंग एका बोटाने चालतं.